मृण्मय सृष्टीचे रंगकाम

शाकुंतलाच्या सातव्या अंकातील एक लहानशी वस्तू बहुतेक वाचकांच्या नजरेतून निसटते. मारीच ऋषींच्या आश्रमात बालक सर्वदमन सिंहाच्या छाव्याशी झोंबत असतो. त्याने छाव्यास सोडावे म्हणून एक तापसी दुसरीस आपल्या पर्णकुटीतून मातीचा मोर आणावयास धाडते. हा मोर मार्कंडेय नावाच्या ऋषिकुमाराचा असून तो रंगविलेला आहे, इतके कवी मुद्दाम सांगतो. मोर येतो, तापसी मुलास त्या पक्ष्याचे लावण्य पाहावयास सांगते, आणि संस्कृतात पक्षीवाचक 'शकुंत' व 'लावण्य' हे दोन शब्द जोडले असता त्यांतून मुलाच्या आईचे नाव ऐकू येते. त्या आश्रमात दुष्यंताच्या कानी शकुंतलेचे नाव प्रथम पडते ते या खेळण्याच्या निमित्ताने. हा अंक शिकविताना विद्यार्थी श्लेषापाशी थांबत. माझे मन मात्र मोराच्या रंगापाशी घोटाळत असे. वल्कले नेसणाऱ्या त्या मुलाने निळा रंग कोठून पैदा केला असेल? मोर कोणी रंगविला हे कवीने सांगितलेले नाही. परंतु तपोवनात रंगारी नसतो. तेव्हा अध्ययनातून उरलेल्या वेळात खुद्द मार्कंडेयानेच तो रंगविला, असे धरण्यास काही प्रत्यवाय नसावा.

फावल्या वेळी बोटभर उंचीच्या मूर्ती रंगविण्याचा हा छंद पाश्चात्त्य देशांत आज फार बोकाळला आहे. जर्मनीतील न्यूरेम्बर्ग येथे अठराव्या शतकात कथलाचे चपटे शिपाई ओतून रंगविले जात. पुढे इंग्लंडात एच. जी. वेल्स या प्रसिद्ध लेखकाने १९१३ साली अशा शिपायांच्या लुटुपुटीच्या लढायांचे नियम सांगणारे एक पुस्तकच लिहिले. तथापि तोपर्यंत ही सेना मानवांची होती. टोल्किन या प्राध्यापकाची अद्भुत कादंबरी १९५४-५५ मध्ये तीन भागांत बाहेर पडली, १९७४ साली अमेरिकेत 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा कल्पित प्रवासाचा खेळ निघाला, १९८३ साली इंग्लंडात 'वॉरहॅमर' निघाला, आणि शिपायांच्या जागी राक्षस, वेताळ, पंखांचे सर्प, बुटके व मांत्रिक आले. या मूर्ती सुमारे अठ्ठावीस मिलिमीटर, म्हणजे इंचाहून किंचित अधिक उंचीच्या असतात आणि पुष्कळशा बिनरंगाच्याच विकतात. रंगविणे हे घेणाऱ्याचे काम. कित्येकजण तर खेळ खेळतच नाहीत. नुसते रंगवीत बसतात. मला हे फार शहाणपणाचे वाटते.

पुण्यास शिकणारा माझा नातू दोन वर्षांमागे सुटीत घरी आला तेव्हा त्याच्या पेटीत असे आठदहा राक्षस निघाले. आमच्या घरात माणसे पुष्कळ, म्हणून मतेही पुष्कळ. 'परदेशी भुते देवघराशेजारी नकोत,' असे एक मत पडले. मी चष्म्यावर भिंग धरून ती भुते पाहिली आणि खरे सांगावयाचे तर चकित झालो. अंगरख्याच्या प्रत्येक चुणीत छाया होती, ढालीच्या कडेवर उजेड होता, आणि मोहरीएवढ्या डोळ्यांत बुबुळे होती. 'हे कोठे शिकलास?' म्हणून विचारता तो म्हणाला, 'आजोबा, यात काय शिकायचं? धीर धरायचा आणि रंग पातळ ठेवायचा.' एवढ्या दोन वाक्यांत त्याने मला शिष्य करून घेतले.

परंतु राक्षसांसाठी विलायतेपर्यंत जाण्याचे कारण काय, हा प्रश्न माझ्या मनात राहिलाच. आपल्याकडे वर्षाचे चक्र मातीच्या लहान मूर्तींवाचून फिरतच नाही. आमच्या सातारा-सांगली भागात आषाढात बेंदूर येतो व मातीचे बैल घरोघर पूजिले जातात. श्रावणात नाग, भाद्रपदात गणपती, दिवाळीत मुलांच्या किल्ल्यावरील मावळे, गुहेतील वाघ व पाण्यास निघालेली गवळण. चैत्रात गौरीपुढील आरास. घोड्याच्या प्रतिकृतीस 'अश्वक' म्हणावे असा प्रत्यय पाणिनीने सांगून ठेविला आहे, त्या अर्थी हा व्यवहार त्याच्या काळीही रुळलेला होता. अद्भुत प्राण्यांची तर आपल्याकडे लयलूट आहे. देवळांच्या भिंतींवरील व्याल, मकर, सिंहालाही जिंकणारा शरभ व दोन डोक्यांचा गंडभेरुंड यांच्यापुढे पंखांच्या सर्पाचे मला फारसे नवल वाटत नाही. उणीव आहे ती एकच. आपल्या घरांतून या मूर्ती पूर्वी हाताने रंगविल्या जात, त्या आता रंगवूनच येतात. आणि तोंडावर गुलाबी, अंगावर चंदेरी अशा दोन फवाऱ्यांत मावळा व गवळण यांची वासलात लागते.

शिराळ्यात या गोष्टीस एक निराळे वजन आहे, ते परगावच्या वाचकांस थोडे उलगडून सांगितले पाहिजे. बत्तीस शिराळा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आमच्या गावी समर्थांनी स्थापिलेल्या अकरा मारुतींपैकी एक आहे, आणि गोरक्षनाथांचे स्थान आहे. आख्यायिका अशी की, गोरक्षनाथ भिक्षेस आले असता एका घरची बाई मातीच्या नागाची पूजा करीत होती, म्हणून भिक्षा वाढावयास तिला वेळ लागला. जिवंत नागाची पूजा करशील काय, असे नाथांनी विचारले, तिने होकार दिला, आणि तेव्हापासून गावात जिवंत नाग पूजिण्याची चाल पडली. श्रावण शुद्ध पंचमीपूर्वी तरुणांनी रानातून नाग धरून आणावे, मडक्यांत जपावे, पंचमीस त्यांची घरोघर पूजा व्हावी, मिरवणूक निघावी आणि मागाहून त्यांना रानात सोडावे, असा पिढ्यान्‌पिढ्यांचा क्रम होता. देशोदेशींचे लोक तो पाहावयास येत.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचा अंमल चालू शतकाच्या पहिल्या दोन दशकांत मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशांनी कडक झाला, आणि नाग धरणे, मिरविणे व त्यांची जाहीर पूजा करणे थांबले. २०२५ च्या पंचमीस केंद्र सरकारने शैक्षणिक कारणासाठी मर्यादित संख्येत नाग धरण्यास अनुमती दिली. तीतही मिरवणुकीस किंवा खेळास वाव नव्हता. या निर्णयाच्या बऱ्यावाईटाची चर्चा गावात पारापारावर होते. मी निवृत्त शिक्षक; नाग दूध पीत नाही, मडक्यात कोंडलेल्या प्राण्यास क्लेश होतात, हे मी वर्गात शिकविलेले आहे व ते मला आजही मान्य आहे. परंतु ज्यांनी दारी आलेल्या सळसळत्या नागास स्वतःच्या हाताने हळदकुंकू वाहिले, त्यांच्या मनाला केवढी पोकळी जाणवली असेल, हेही मी घरातच पाहिले आहे.

पहिल्या वर्षी पाटावर मातीचा नाग मांडला तेव्हा आमच्या थोरल्या वहिनी त्याच्याकडे बराच वेळ पाहत राहिल्या, मग म्हणाल्या, 'भावोजी, याला बघून हात जोडावेसे वाटत नाहीत हो. हा नाग नव्हे, हे खेळणं.' नाथांपूर्वीच्या त्या बाईनेही मातीचाच नाग पूजिला होता, असे मी शास्त्र सांगू लागलो. त्यावर त्या शांतपणे उत्तरल्या, 'तिनं तो मन लावून केलेला असेल.' मला पुढे बोलता येईना. कारण पाटावरचा तो नाग खरोखरच दरिद्री होता. साच्यातून काढलेला, अंगभर एकच चकाकता काळा तेलरंग, आणि फणेच्या पुढल्या बाजूस, म्हणजे गळ्यावर, दहाचा आकडा काढलेला. ज्या गावाने शेकडो नाग हाताळले, त्या गावात हा आकडा पाठीमागे असतो व पुढून गळ्यावर काळसर आडवे पट्टे दिसतात, हे कोणाला सांगावयास पाहिजे काय? पण बाजारात येणाऱ्या मूर्तींवर तो पुढेच असतो, कारण रंगविणाऱ्याने नाग पाहिलेला नसतो आणि घेणाराही तो उलटून पाहत नाही.

नातवाचे राक्षस मला त्या वेळी आठवले. त्या मुलाने एका कल्पित बुटक्याच्या दाढीसाठी तीन संध्याकाळी घालविल्या होत्या. आणि ज्यापुढे हात जोडावयाचे त्या नागासाठी आम्ही तीन मिनिटेही देत नव्हतो. पुढल्या श्रावणापासून आमच्याकडे कुंभाराकडून बिनरंगाचा कच्च्या मातीचा नाग येतो व तो घरी रंगविला जातो. एकाचे आता आठ झाले आहेत, त्याचे कारण पुढीलप्रमाणे.

शिल्पग्रंथांत अष्टनागांचे वर्ण व चिन्हे निरनिराळी दिलेली आहेत. टी. ए. गोपीनाथ राव यांनी हिंदू मूर्तिशास्त्रावरील आपल्या मोठ्या इंग्रजी ग्रंथात (१९१४-१६) ती संकलित केली. वासुकी मोत्यासारखा पांढरा, तक्षक लाल, त्याच्या फणेवर स्वस्तिक, कर्कोटक काळा, फणेवर तीन पांढऱ्या रेघा, पद्म कमळासारखा गुलाबी, महापद्म पांढरा, त्यास त्रिशूळाचे चिन्ह, शंखपाल पिवळा, कुलिक लाल, फणेवर चंद्रकोर. विलायती खेळांतील सैन्यांचे वर्ण, ध्वज व चिन्हे ठरलेली असतात आणि रंगविणारे ती निष्ठेने पाळतात, असे नातू सांगतो. आपल्या पूर्वजांनी सर्पकुळांची हीच व्यवस्था लावून ठेविली आहे! आणखी एक गोष्ट रंग कालवताना माझ्या ध्यानी आली. पांढरा, लाल, पिवळा व काळा एवढ्यांतच या कुळांचा निर्वाह होतो. खडू, गेरू, पिवडी आणि काजळ या चार वस्तू घरात असल्या की पुरे. गुलाबीसाठी गेरूत खडू मिसळावा. यांतील एकही वस्तू विसर्जनानंतर पाण्यास विष होत नाही. जुन्या रंगाऱ्यांचे हिंगूळ व हरताळ हे मात्र मुलांच्या हाती कदापि देऊ नयेत. पहिल्यात पारा व दुसऱ्यात सोमल असतो, आणि कुंचल्याचे टोक ओठांत धरून अणकुचीदार करण्याची खोड मुलांस हटकून लागते.

आता प्रत्यक्ष कृतीविषयी. मूर्ती हातात धरून रंगवू नये, बोटांचा घाम रंगास लागतो. बाटलीच्या बुचावर मेणाने ती चिकटवावी व बूच धरावे. कोरड्या कुंचल्याने धूळ झाडून प्रथम सर्वांगावर खडूचा हात द्यावा. त्यात पातळ डिंक घालावा, नाहीतर रंग पुढे हातास येतो. मूर्ती कच्च्या मातीची असेल तर कुंचला फार ओला ठेवू नये. एकाच जागी पुनःपुन्हा फिरविल्यास माती विरघळून नाकडोळे पुसले जातात. हा पांढरा हात पूर्ण वाळू द्यावा. येथेच मुलांचा धीर सुटतो, म्हणून त्या अवधीत त्यांच्याकडून परवचा म्हणवून घ्यावा. दोन्ही कामे होतात.

नंतर मूळ वर्ण, तो पातळ आणि दोन वेळा. एका जाड हाताने कोरीवकाम बुजते, दोन पातळ हातांनी उठते. त्यावर गडद तपकिरी रंग पाण्यासारखा पातळ करून सर्व अंगावरून सोडावा. तो आपोआप खवल्यांच्या फटींत व वेटोळ्यांच्या खाचांत जाऊन बसतो. वरवर राहिलेला ओल्या चिंधीने टिपून घ्यावा. हा वाळल्यावर मूळ वर्णात थोडा पांढरा मिसळून कुंचल्यावर घ्यावा, चिंधीवर पुसून जवळजवळ कोरडा करावा आणि उंचवट्यांवरून अलगद ओढावा. खवल्याखवल्याच्या कडेला उजेड उमटतो. हे पहिल्यांदा घडते तेव्हा मुले ओरडतातच. माझ्याही तोंडून उद्गार निघाला होता.

ही छायाप्रकाशाची रीत नवी नव्हे. विष्णुधर्मोत्तर पुराणाच्या तिसऱ्या खंडात चित्रसूत्र आहे, त्यात वर्तनेचे, म्हणजे छाया देण्याचे, तीन प्रकार सांगितले आहेत. पानाच्या शिरांप्रमाणे रेघांनी होते ती पत्रज, अतिसूक्ष्म ती ऐरिक, आणि ठिपक्यांनी होते ती बिंदुज. नागाच्या पाठीस बिंदुज, फणेच्या आतल्या अंगास पत्रज अशी योजना आम्ही केली व ती साधली. त्याच सूत्रात चित्र पाहणाऱ्यांच्या आवडींचीही मोठी मार्मिक वर्गवारी आहे. आचार्य रेषेची तारीफ करतात, जाणते वर्तनेची. स्त्रियांस अलंकार रुचतात, इतरांस रंगांची चैन. आमच्या ओसरीवर हे चारही पक्ष एकाच वेळी हजर असतात. मात्र कोणता पक्ष कोणाचा, हे सूत्रकारांच्या अपेक्षेप्रमाणे जुळत नाही. रेषेवर सर्वांत कडक नजर आमच्या वहिनींची.

डोळे शेवटी. मूर्तिकारही डोळे अखेरीस उघडतात, त्यास धर्माचे कारण आहे, तसे व्यवहाराचेही. एकदा डोळे झाले की हात भिऊ लागतो. आधी खोबणीत काळा रंग भरावा, त्यावर काळ्याची बारीक कड राखून पांढरा, आणि बुबुळ उदबत्तीच्या काडीस टोक करून त्याने टेकवावे. कुंचल्यास ते साधत नाही. मावळ्याचे किंवा गवळणीचे बुबुळ वरच्या पापणीस टेकलेले असावे. सुटे गोल ठेवल्यास वीर असो वा गवळण, भ्याल्यासारखीच दिसतात. दोन डोळ्यांपैकी जो आपल्या हातास अवघड तो आधी करावा आणि सोपा त्याच्याशी जुळवावा. नागास पापणी नसते, त्यामुळे त्याच्यापुरता हा प्रश्न उरत नाही. त्याचा डोळा वाटोळा, काळा, आणि त्यात पांढऱ्याचा एकच कण.

गेल्या पंचमीपूर्वी धाकट्या नातीने एक नाग ग्रंथोक्त न करता, खरा रानातला करावयाचा हट्ट धरला. तिने जिवंत नाग जवळून पाहिलेलाच नाही. चित्रे होती, पण चित्रात पाठ दिसली तर गळा दिसत नाही. शेवटी ती वहिनींकडे गेली. वहिनींनी प्रथम उडवून लावले, मग जप बाजूला ठेवून त्या सांगू लागल्या. रंग काळा नसतो, गव्हाळ असतो, कोरड्या बांधाच्या मातीसारखा. पोटाकडे ताकासारखा फिका. आकडा काळा नव्हे, पांढुरका, त्याला काळी कड. फणा काढली की कातडी ताणते व खवले एकमेकांपासून सुटे होतात, त्यांच्यामधून निराळाच रंग दिसतो. 'तो मधला रंग काढ,' त्या म्हणाल्या, 'तोच मी कधी विसरले नाही.' तो मधला रंग काढावयास नातीला चार दिवस लागले. दर दुपारी बूच वहिनींच्या हाती जाई, त्या ते उजेडाकडे धरीत, मान हलवीत व परत देत. चौथ्या दिवशी त्यांनी ते परत दिले नाही. पंचमीस पाटावर आठांच्या मध्ये हा नववा बसला. सायंकाळी आठ विहिरीत गेले व नववा वहिनींच्या कोनाड्यात गेला. हे शास्त्रास धरून झाले किंवा कसे, याविषयी मला कोणी विचारले नाही आणि मीही काढले नाही.

मूर्ती ठेवावयाची असेल तर शेवटी रोगणाचा एक अगदी पातळ हात द्यावा, तोही निस्तेज रोगणाचा. चकाकीने सर्व छाया मारल्या जातात. सावंतवाडीच्या गंजिफांवर लाखेचा हात देत, त्यामुळे बोटांनी पिसूनही दशावतारांची चित्रे टिकत. विसर्जनाच्या मूर्तीस रोगण मुळीच नको. दिवाळीच्या मावळ्यांस हीच सर्व रीत लागू आहे. फक्त साच्याच्या प्लास्टरला पांढरा हात दोनदा लागतो, कारण ते पहिला हात पिऊन टाकते. मुलांनी स्वतः रंगविलेला मावळा किल्ला मोडल्यावर उकिरड्यावर जात नाही, असा माझा तीन दिवाळ्यांचा अनुभव आहे.

एक सूचना कुंभारांच्या बाजूने करावयाची आहे. बिनरंगाची मूर्ती मागताना 'रंग नाही, मग किंमत कमी करा' अशी घासाघीस आपल्यापैकी पुष्कळजण करतात. रंगाचा खर्च थोडा असतो. मेहनत मातीची असते, आणि कोरी मूर्ती नितळ द्यावयाची तर ती अधिकच असते, कारण रंगाखाली दोष झाकता येत नाहीत. आमच्या कुंभाराला आम्ही रंगीत मूर्तीचीच किंमत देतो. त्याबदली फणा पातळ व खवले खोल असावेत एवढीच अट असते, आणि ती तो हौसेने पाळतो. गेल्या वर्षी त्याने आपण होऊन एक शरभ करून आणला होता. पाय एक कमी पडला होता, पण तोंड उत्तम होते. ज्यांना नाग हवे असतील त्यांनी आपापल्या गावी ज्येष्ठ संपण्यापूर्वी कुंभारास सांगून ठेवावे. एकदा बेंदराचे बैल त्याच्या चाकाभोवती जमू लागले म्हणजे त्याला दुसरे काही सुचत नाही, आणि पावसाळी हवेत कच्ची मूर्ती वाळण्यास आठ-दहा दिवस सहज लागतात.